उच्च माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्राचे अध्यापन आणि ग्रामीण विद्यार्थी : शनिशिंगणापूर परिसराच्या संदर्भात

गोषवारा

दहावीपर्यंत विज्ञानात चांगले गुण मिळविणारे अनेक ग्रामीण विद्यार्थी अकरावीत प्रवेश घेतल्यानंतर रसायनशास्त्रात मागे पडतात. या अपयशाचे कारण बुद्धिमत्तेचा किंवा परिश्रमाचा अभाव असे समजले जाते. वस्तुतः या टप्प्यावर विद्यार्थ्याला माध्यमभाषा, चिन्हभाषा व कणांची अदृश्य सृष्टी अशी तीन स्थित्यंतरे एकाच वेळी करावी लागतात आणि अध्यापनात त्यांची स्वतंत्र दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात या तीन स्थित्यंतरांचे स्वरूप स्पष्ट करून अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर परिसरातील शेती, साखर उद्योग व लोकजीवन यांच्या आधारे ती सुकर कशी करता येतील, याचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव शनिदेवाच्या स्थानामुळे आणि दारे नसलेल्या घरांच्या परंपरेमुळे देशभर परिचित आहे. भाविकांची वर्दळ बाजूला ठेवली, तर हा परिसर ऊस, कांदा व दुग्धव्यवसाय यांवर उभा असलेला शेतकरी भाग होय. सोनई येथील मुळा सहकारी साखर कारखाना व घोडेगावचा कांदाबाजार ही येथील अर्थजीवनाची केंद्रे आहेत. अशा भागातील विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान शाखा निवडतो, तेव्हा त्याच्यासमोर औषधनिर्माणशास्त्र, परिचारिका अभ्यासक्रम, कृषी, दुग्धतंत्रज्ञान, साखर तंत्रज्ञान, वैद्यक आदी मार्ग असतात. यांपैकी बहुतेक मार्ग रसायनशास्त्राच्या दारातून जातात.

हे दार अकरावीतच बंद झाले, तर त्याचे परिणाम एका विषयापुरते मर्यादित राहत नाहीत. विद्यार्थी शाखा बदलतो किंवा कसाबसा उत्तीर्ण होतो आणि ‘विज्ञान हे आपले काम नव्हे’ असा स्वतःविषयीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा निष्कर्ष बहुधा कायमचा ठरतो. त्याला ‘तसे नाही’ असे अधिकाराने सांगणारे घरात कोणी नसते. म्हणूनच हा प्रश्न केवळ निकालाच्या टक्केवारीचा नाही. कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालये पुष्कळदा एकाच आवारात असतात आणि अकरावीत राहिलेली उणीव पुढे पदवीच्या प्रथम वर्षातील प्राध्यापकांनाच भरून काढावी लागते. त्यामुळे वरिष्ठ महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही हा विषय परका नाही.

२. अडचण कोठे निर्माण होते?

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाचे अकरावीचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक २०१९ मध्ये व बारावीचे २०२० मध्ये लागू झाले. या दोन्ही पुस्तकांत प्रत्येकी सोळा प्रकरणे आहेत. अकरावीच्या पुस्तकात मूलभूत संकल्पना, अणुरचना, रासायनिक बंध, रेडॉक्स अभिक्रिया, रासायनिक समतोल व कार्बनी रसायनाची मूलतत्त्वे येतात. बारावीची द्रावणे, आयनिक समतोल, विद्युत रसायन, अभिक्रियांचा वेग आणि कार्बनी संयुगांची प्रकरणे याच पायावर उभी आहेत.

तथापि व्यवहारात हा पाया दुर्लक्षित राहतो. अकरावीची परीक्षा महाविद्यालयीन पातळीवर होते, तर बारावीची परीक्षा मंडळ घेते. साहजिकच विद्यार्थी, पालक व कित्येकदा संस्थाही अकरावीकडे विश्रांतीचे वर्ष म्हणून पाहतात. प्रवेशप्रक्रिया लांबल्यास पहिल्या सत्रातील अध्यापनाचे दिवस आणखी कमी होतात. नेमक्या याच दिवसांत मोल, संयुजा, समीकरणांचे संतुलन यांसारख्या संकल्पना शिकवावयाच्या असतात. पुढे बारावीत विद्युत रसायन समजत नाही अशी तक्रार विद्यार्थी करतो, तेव्हा त्याचे मूळ बहुधा अकरावीतील रेडॉक्सच्या प्रकरणात असते आणि त्या प्रकरणातील अडचणीचे मूळ इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचे चित्र मनात कधीच उमटले नाही यात असते.

३. रसायनशास्त्राच्या तीन पातळ्या

ग्लासगो विद्यापीठातील रसायनशिक्षणाचे अभ्यासक अलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात विज्ञान शिकणे कठीण का जाते याची मीमांसा केली. त्यांच्या मते रसायनशास्त्राचा विचार तीन पातळ्यांवर चालतो. पहिली पातळी डोळ्यांना दिसणारी, हाताळता येणारी असते. दुसरी अणू, रेणू, आयन व इलेक्ट्रॉन यांची अदृश्य पातळी होय. तिसरी सूत्रे, समीकरणे व गणिते यांची चिन्हात्मक पातळी होय. जाणकार व्यक्ती या तीन पातळ्यांत सहजपणे वावरते. तिला आपण एका पातळीवरून दुसरीवर गेलो याचे भानही नसते. नवख्या विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक संक्रमण हे स्वतंत्र काम असते.

प्राध्यापक फळ्यावर एक समीकरण लिहितात, ‘येथे निळा रंग नाहीसा होतो’ असे सांगतात आणि त्याच वाक्यात ‘कारण तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन स्वीकारतो’ असे म्हणतात. एवढ्या वेळात तिन्ही पातळ्या येऊन गेलेल्या असतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे माणसाची तात्कालिक स्मृती एका वेळी मोजक्याच घटकांना धरून ठेवू शकते. अशा स्थितीत विद्यार्थी सर्वांत सोपा मार्ग निवडतो. तो समीकरण पाठ करतो आणि उर्वरित दोन पातळ्या सोडून देतो.

या पाठांतराचे स्वरूप फसवे असते. नुरेनबर्न व पिकरिंग यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वायूंविषयीची गणिते बरोबर सोडविणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना त्याच वायूच्या कणांचे योग्य चित्र ओळखता आले नाही. म्हणजे गणित सुटले याचा अर्थ रसायनशास्त्र समजले असा होत नाही. आपल्याकडील परीक्षापद्धतीत गणिताला गुण असतात, चित्राला नसतात. त्यामुळे ही उणीव प्राध्यापकांच्या नजरेस येत नाही.

४. माध्यमभाषेचा प्रश्न

उपर्युक्त तीन पातळ्यांच्या जोडीला महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्यापुढे चौथा अडसर असतो, तो माध्यमभाषेचा. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घेतो. सेमी-इंग्रजीच्या प्रसारामुळे काही विद्यार्थ्यांना इंग्रजी संज्ञा परिचित असतात. मात्र संज्ञा ओळखणे आणि त्या भाषेत कारणमीमांसा करणे यांत मोठे अंतर आहे.

त्यात अलीकडे तिसऱ्या भाषेची भर पडली आहे. भ्रमणध्वनीवर उपलब्ध असलेली बहुसंख्य लोकप्रिय व्याख्याने हिंदीत असतात. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण आणि ‘रेणू’ म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत मात्र मूलद्रव्याच्या कणाला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हा शब्द रेणूसाठी वापरतात. मराठीत ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून मिळणारा पदार्थ, तर हिंदीत ‘क्षार’ म्हणजे अल्कली आणि मराठीतील क्षाराला तेथे ‘लवण’ म्हणतात. सकाळी महाविद्यालयात एक अर्थ आणि रात्री व्याख्यानात दुसरा अर्थ ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ झाला, तर तो त्याचा दोष मानता येणार नाही. हा भेद वर्गात एकदा स्पष्टपणे सांगितला, तर पुष्कळ अनर्थ टळतो.

व्यवहारातील परिचित शब्द हे दुसरे अडथळ्याचे स्थान आहे. कॅसल्स व जॉनस्टन यांनी १९८० च्या दशकात ब्रिटनमधील विद्यार्थ्यांविषयी दाखवून दिले की, पारिभाषिक संज्ञांइतकेच, किंबहुना अधिक, नेहमीच्या वापरातील शब्द विज्ञानात वेगळ्या अर्थाने आले की घोटाळा होतो. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांची ही स्थिती असेल, तर मराठी विद्यार्थ्याची कल्पना करता येते. ‘रिडक्शन’ म्हणजे घट हे त्याला ठाऊक असते. मग इलेक्ट्रॉन मिळविण्याला घट कशी म्हणावी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. ‘सोल्यूशन’ म्हणजे गणिताचे उत्तर की द्रावण, हेही त्याला संदर्भानेच ठरवावे लागते. मराठी बोलण्यातही ‘सौम्य आम्ल’ हा शब्दप्रयोग कधी पाणी मिसळून विरल केलेल्या आम्लासाठी, तर कधी स्वभावतः कमी आयनीभवन होणाऱ्या आम्लासाठी केला जातो. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल हे विरल असूनही तीव्रच असते, हे त्यामुळे ध्यानात येत नाही.

या प्रश्नाची जाणीव महाराष्ट्रात नवी नाही. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथलेखन केले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांसाठी प्रकल्प राबविला. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान शिक्षणातील भाषेच्या अडसराकडे सातत्याने लक्ष वेधले. नीट परीक्षा २०१७ पासून व जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देण्याची सोय झाली.

शनिशिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्या नेवाशातच शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संस्कृतातील तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत आणल्याने ते उथळ होत नाही, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको. तात्पर्य, इंग्रजी पाठ्यपुस्तक सोडण्याची आवश्यकता नाही. मात्र संकल्पना प्रथम मराठीत उलगडावी, नंतर तिची इंग्रजी संज्ञा द्यावी आणि शेवटी विद्यार्थ्याकडून ती संकल्पना इंग्रजीत दोन-तीन वाक्यांत लिहून घ्यावी, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पंधरा-वीस संज्ञांची द्विभाषिक शब्दपत्रिका दिल्यास हे काम अधिक सुलभ होते.

५. मोल : मोजण्याऐवजी तोलणे

अकरावीच्या आरंभीच येणारी मोलची संकल्पना ही रसायनशास्त्रातील पहिली मोठी गाळणी होय. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या निश्चित संख्येवर आधारलेली आहे. ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतक्या कणांचा समूह म्हणजे एक मोल. तत्पूर्वी ही व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅम वस्तुमानातील अणूंच्या संख्येवर अवलंबून होती. नवी व्याख्या अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची आहे, कारण मोल हे वजन नसून संख्या आहे ही गोष्ट तिच्यातून थेट सूचित होते.

मोठी संख्या मोजण्याऐवजी तोलून ठरविण्याची रीत शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला अपरिचित नाही. बियाण्याची प्रत सांगताना हजार दाण्यांचे वजन विचारात घेतले जाते. ज्वारीचे शंभर दाणे व हरभऱ्याचे शंभर दाणे विद्यार्थ्यांकडून मोजून, तोलून घ्यावेत. त्यानंतर एक किलो ज्वारीत व एक किलो हरभऱ्यात किती दाणे असतील, हे त्यांनाच काढण्यास सांगावे. समान वजनात समान दाणे नसतात आणि समान दाण्यांचे वजन समान नसते, ही दोन विधाने एकदा हाताने अनुभवली की मोलर वस्तुमानाची कल्पना आपोआप आकार घेते.

यानंतर बोर्डो मिश्रणाचे उदाहरण घेता येते. डाळिंब व द्राक्षबागांवर बुरशीनाशक म्हणून फवारले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी या प्रमाणात तयार करतात. दोन्ही पदार्थ वजनाने समान आहेत. मग कणांनीही ते समान आहेत काय? स्फटिकजलासह मोरचुदाचे मोलर वस्तुमान सुमारे २५० ग्रॅम असल्याने एक किलोत त्याचे सुमारे ४ मोल येतात. विरलेल्या चुन्याचे मोलर वस्तुमान ७४ ग्रॅम असल्याने एक किलोत त्याचे सुमारे साडेतेरा मोल येतात. म्हणजे वजन समान असूनही चुन्याचे कण तिपटीहून अधिक आहेत. तांब्याचे आयन पूर्णतः अवक्षेपित व्हावेत आणि मिश्रण आम्लधर्मी राहून पाने करपू नयेत, यासाठी हे आधिक्य उपयोगी पडते. मर्यादित अभिकारक कोणता, हा पाठ्यपुस्तकातील प्रश्न येथे बागेच्या हिताचा प्रश्न बनतो.

या उदाहरणाचा दुसरा भाग रेडॉक्सच्या प्रकरणात कामी येतो. मिश्रण योग्य झाले की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते त्यात थोडा वेळ बुडवितो. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी मिसळतो. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असेही सांगितले जाते. या परंपरागत चाचणीत तिन्ही पातळ्या एकत्र आल्या आहेत. तांबूस थर ही दृश्य पातळी होय. लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात जातो आणि तांब्याचा आयन ते स्वीकारून पात्यावर बसतो, ही कणांची पातळी होय. या घटनेची दोन अर्धसमीकरणे ही चिन्हांची पातळी होय. चाचणी कशी करतात हे विद्यार्थ्याने घरी पाहिलेले असते. ती का लागू पडते हे सांगणे हे रसायनशास्त्राचे काम आहे. हवेत फार दिवस राहिलेला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होतो, म्हणून केवळ वजनावर विसंबता येत नाही आणि चाचणी करावी लागते, हा विचारही येथेच मांडता येतो.

६. परिसर हीच प्रयोगशाळा

शनिशिंगणापुरात शनिदेवाच्या शिळेवर तेल वाहण्याची परंपरा आहे. शिळेची झीज होऊ नये या हेतूने मार्च २०२५ पासून अभिषेकासाठी केवळ नामांकित कंपनीचे शुद्ध तेल स्वीकारण्याचा निर्णय तेथे घेण्यात आला. श्रद्धेच्या क्षेत्रातील या निर्णयाने एक निखळ रासायनिक प्रश्न विद्यार्थ्यांसमोर येतो, तो म्हणजे तेल शुद्ध आहे हे कसे ठरवावे? खाद्यतेल हे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांचे एस्टर असते. अल्कोहोलयुक्त पोटॅशसोबत ते तापविले असता साबण तयार होतो आणि गरम पाणी मिसळल्यावर द्रावण स्वच्छ राहते. खनिज तेल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने त्याचा साबण होत नाही आणि पाणी मिसळताच द्रावण गढूळ होते. एस्टर व हायड्रोकार्बन यांतील भेद पाठ्यपुस्तकात दोन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो. तो येथे एका परीक्षानळीत दिसतो. अर्थात पोटॅश दाहक व अल्कोहोल ज्वलनशील असल्याने हा प्रयोग प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून व उघड्या ज्योतीऐवजी गरम पाण्याच्या भांड्यात नळी ठेवूनच करावा.

साखर कारखाना हे तर रसायनशास्त्राचे सजीव पाठ्यपुस्तक होय. उसाच्या रसात चुन्याची निवळी व सल्फर डायऑक्साइड वायू सोडला असता कॅल्शियम सल्फाइटचा अवक्षेप तयार होतो आणि रंगद्रव्ये व अशुद्धी त्याच्या पृष्ठभागावर धरल्या जाऊन खाली बसतात. अकरावीच्या अधिशोषण या प्रकरणाला याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण आहे. रस आम्लधर्मी राहिला, तर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊन साखरेचा उतारा घटतो आणि चुना अधिक झाला, तर रस काळवंडतो. त्यामुळे सामू उदासीन बिंदूजवळ राखावा लागतो. पुढे रस निर्वात भांड्यात कमी दाबाखाली उकळतात, कारण कमी दाबाखाली उत्कलनबिंदू उतरतो आणि साखर करपत नाही. मळीपासून इथेनॉल तयार होते. एक मोल सुक्रोज म्हणजे ३४२ ग्रॅम. त्यापासून पाण्याच्या साहाय्याने सिद्धान्ततः ४ मोल, म्हणजे १८४ ग्रॅम इथेनॉल व ४ मोल, म्हणजे १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. दोहोंची बेरीज ३६० ग्रॅम होते. हे अधिकचे १८ ग्रॅम कोठून आले, हा प्रश्न विचारून पाहावा. पाण्याचा एक मोल अभिक्रियेत खर्ची पडला, हे उत्तर ज्याला सुचते त्याला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम समजलेला असतो.

विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस न येणे आणि डाळ लवकर न शिजणे ही कठीण पाण्याची घरोघरची लक्षणे आहेत. विविध विहिरींचे पाणी आणून समान फेसासाठी किती साबणद्रावण लागते हे मोजणे, हा अल्पखर्चिक अनुमापनाचा प्रयोग होतो. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते, ते पेशी फुटल्यावर विकरांच्या क्रियेने निर्माण होणाऱ्या बाष्पनशील गंधकयुक्त संयुगामुळे. कांदा थंड करून चिरल्यास त्रास कमी होतो, कारण विकरक्रियेचा वेग व बाष्पनशीलता दोन्ही घटतात. मोरचूद, तुरटी, नवसागर, सोरा, हिराकस, पापडखार, खायचा सोडा ही नावे विद्यार्थ्याच्या घरात आधीपासून नांदत असतात. त्यांची सूत्रे शिकणे म्हणजे अनोळखी नावे पाठ करणे नव्हे, तर ओळखीच्या पदार्थांचे अंतरंग जाणणे होय.

७. वर्गातील कार्यपद्धती

उपर्युक्त विवेचनावरून वर्गाध्यापनासाठी पुढील पद्धती सुचविता येतात.

(१) आरंभीची चाचणी : सत्राच्या पहिल्या आठवड्यात गुण न देता एक लहान चाचणी घ्यावी. तीत प्रमाणाचे एक गणित, एका समीकरणाचे संतुलन, त्याच समीकरणातील कणांचे चित्र आणि इंग्रजीतील एका परिच्छेदाचा मराठीत आशय, एवढेच असावे. कोणता विद्यार्थी गणितात, कोणता भाषेत व कोणता कल्पनेत अडतो हे त्यावरून कळते. तिघांचेही गुण सारखेच कमी असू शकतात, परंतु उपाय मात्र भिन्न असतात.

(२) तीन प्रश्नांची सवय : प्रत्येक अभिक्रियेबाबत काय दिसते, कणांचे काय होते आणि ते चिन्हांत कसे लिहावे, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. वहीच्या पानाचे तीन रकाने करून घेतल्यास विद्यार्थी हा क्रम विसरत नाहीत.

(३) सोडविलेली उदाहरणे : स्वेलर व कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखविले की, नवशिक्यांना पूर्ण सोडविलेली उदाहरणे अभ्यासण्याचा लाभ अधिक होतो. त्यानुसार पहिले उदाहरण संपूर्ण सोडवून द्यावे, दुसऱ्यातील शेवटची पायरी रिकामी ठेवावी, तिसऱ्यातील दोन पायऱ्या, आणि क्रमाने सर्व गणित विद्यार्थ्यावर सोपवावे.

(४) आठवणीचा सराव : रोडिजर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत, मजकूर पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून लिहिल्याने काही दिवसांनंतरची स्मृती अधिक टिकते, असे आढळले. तासाच्या प्रारंभी पुस्तक मिटून मागील तासातील तीन मुद्दे लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात.

(५) चुकांचे वाचन : उत्तरपत्रिकेतील चुकीवर केवळ फुली मारण्याऐवजी ती चूक भाषेची, कणांची की चिन्हांची हे एका अक्षराने नोंदवावे. महिन्याभराच्या नोंदींवरून प्राध्यापकाला आपल्या अध्यापनाची दिशा ठरविता येते.

(६) वरिष्ठ विद्यार्थ्यांचे साहाय्य : पदवीच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अकरावीच्या लहान गटांना आठवड्यातून एक तास मार्गदर्शन केल्यास दोघांचाही लाभ होतो. हेच स्थित्यंतर नुकतेच पार केलेल्या विद्यार्थ्याला अडचणीचे नेमके ठिकाण अधिक जवळून माहीत असते.

८. काही आक्षेप

या पद्धतीवर पहिला आक्षेप वेळेचा घेतला जाईल. सोळा प्रकरणे पूर्ण करावयाची असताना दाणे मोजण्यास सवड कोठून आणावी? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि पहिल्या काही आठवड्यांत मोल व कणांचे चित्र यांवर दिलेला वेळ पुढील प्रकरणांत परत मिळतो. कारण त्या प्रकरणांत तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागत नाही.

दुसरा आक्षेप प्रवेश परीक्षांचा आहे. बहुपर्यायी प्रश्नांसाठी युक्त्या शिकविणे अधिक लाभदायक असल्याचा समज रूढ आहे. परंतु युक्ती ज्या प्रश्नासाठी शिकविली त्याच प्रश्नाला लागू पडते. प्रश्नाची मांडणी बदलली की पाठांतर निरुपयोगी ठरते आणि मग संकल्पना ज्ञात असलेला विद्यार्थीच तग धरतो. शहरातील खर्चिक शिकवणी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तर महाविद्यालयातील तास हीच एकमेव शिकवणी असते.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा सावधगिरीची आहे. स्थानिक उदाहरण हे शोभेसाठी नसते. साखर कारखान्याचा नुसता उल्लेख करून पुन्हा समीकरणाकडे वळल्यास काहीही साध्य होत नाही. उदाहरणातून प्रश्न निघाला पाहिजे आणि त्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रावाचून मिळू नये, अशी त्याची निवड असली पाहिजे. शिवाय विद्यार्थ्याला परिसरातच थांबवून चालणार नाही. बोर्डो मिश्रणापासून सुरुवात करून त्याला विद्युतघटापर्यंत व तेथून अपरिचित अभिक्रियांपर्यंत नेता आले, तरच उदाहरण सार्थकी लागले असे म्हणता येईल.

९. समारोप

रसायनशास्त्रातील अपयश हे पुष्कळदा तीन भाषांमधील अपुऱ्या भाषांतराचे अपयश असते. मराठीकडून इंग्रजीकडे, दृश्याकडून कणांकडे आणि कणांकडून चिन्हांकडे होणारा प्रवास जाणकार प्राध्यापकाला इतका सवयीचा झालेला असतो की, तो विद्यार्थ्याला अवघड जातो याचे विस्मरण होते. हा प्रवास सावकाश, उघडपणे व क्रमाने करविणे हेच अकरावीच्या पहिल्या सत्रातील अध्यापनाचे मुख्य कार्य होय. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. विळ्याचे पाते, मोरचूद, चुन्याची निवळी, विहिरीचे पाणी व चार दाणे एवढ्या सामग्रीवर प्रारंभ करता येतो.

शनिशिंगणापूर परिसरातील विद्यार्थी रसायनशास्त्राला अपरिचित नसतो. त्याच्या शेतात, चुलीपाशी व गावच्या कारखान्यात ते नित्य घडत असते. त्याच्याजवळ नसते ती केवळ त्या घटनांना शास्त्रात नेणारी वाट. ती वाट दाखविण्याची जबाबदारी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापकांची आहे आणि ती अकरावीच्या पहिल्या सत्रातच पार पाडली गेली पाहिजे.